मेट्रोवाल्याचा सत्कार

सत्कार नको, असं सत्यमने वडिलांना फोनवर सांगून पाहिलं होतं. गहिनीनाथांनी ते कानाआड केलं.

"आरं, बबनरावांनी सवता म्हनलंय. त्यांला न्हाई कसं म्हनू? आन् देवीच्या जत्रंला तू येनारच हाईस की. तासाभराचं काम."

तलवाड्यात सत्यमला सगळे 'मेट्रोवाला' म्हणत. पुण्यात मेट्रोचे आराखडे करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत तो इंजिनियर होता. मार्ग कुठून न्यायचा, स्टेशन कुठे बांधायचं, गाड्या उभ्या करायचा डेपो कुठे ठेवायचा, हे त्याचं काम. गावाला मेट्रो आणि रेल्वे यांत फरक वाटत नव्हता. बीडला गाडी आली तेव्हापासून तर भेटेल तो माणूस त्याला विचारायचा, "आपल्या गेवराईला कवा आनतो रं?" तो हसून वेळ मारून न्यायचा. गहिनीनाथ मात्र हसायचे नाहीत. "चाललंय त्याचं," असं ते मोघम सांगायचे, आणि ऐकणारा मान डोलवायचा.

गहिनीनाथ आणि सुंदरबाईंनी सत्यमला नोकरी लागेपर्यंत ऊस तोडला होता. आता जायची गरज नव्हती. तरी कारखान्यांचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि टोळ्या गावात परतल्या की गहिनीनाथ वेशीपर्यंत जायचे, उतरणाऱ्यांची सामानं धरू लागायचे. त्या वर्षीही टोळ्या आल्या होत्या, पुण्याला कामाला गेलेलेही आले होते. जत्रेला गाव भरलं होतं.

सत्यम सकाळी गेवराईहून जीपने येऊन उतरला तर फाट्यावर भिवराबाई उभी. ती गहिनीनाथांची चुलत बहीण, त्याची आत्या. नवरा हनुमान आणि मुलगी करिष्मा यांच्याबरोबर ती पुण्याच्या कडेला, बंद पडलेल्या दगडखाणीतल्या पत्र्याच्या वस्तीत राहायची. सत्यमला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. पहिलं सगळं वर्ष त्याने तिच्या खोलीत काढलं होतं. खोलीत एकच दिवा होता. त्याचा अभ्यास व्हावा म्हणून हनुमान बाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी झोपायचा. आत्या त्याला डबा बांधून द्यायची आणि वस्तीत कुणी विचारलं तर सांगायची, "माझ्या भावाचं पोरगं हाय. साहेब व्हनार हाय."

"आलास का रं सत्या!" तिने त्याच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "वाळलास. खातो का न्हाई? आज म्या ओवाळनार हाय तुला, तुझ्या आईला सांगून ठिवलंय."

"आत्या, कशाला उगं एवढं..."

"गप. आमचा मान हाय त्यो."

करिष्मा मागेच होती. कॉलेज करून ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. तिने त्याची बॅग घेतली आणि चालता चालता म्हणाली, "दादा, एक गंमत सांगू का? तुझं ते भाषन म्या हुडकून दिलंय बबनरावांला. शाळंतल्या मोठ्या टीव्हीवर लावनार हायत."

सत्यमचे पाय थांबले. "कोणतं भाषण?"

"मेट्रोच्या चर्चेचं. सुरवातीचं बगितलं म्या. काय बोललास रं! पुढं बगायच्या आतच नेट संपलं. मनलं आता सगळ्यांबरूबरच बगू."



ती चर्चा फाल्गुनात पुण्याला झाली होती. एका नागरिक मंडळाने मेट्रोच्या पुढच्या टप्प्यावर जाहीर वाद ठेवला होता. मार्ग शहराबाहेर वाढवायचा हे जवळजवळ ठरलं होतं. वाद होता तो डेपोचा. एक जागा म्हणजे खाण, आत्याची वस्ती असलेली. दुसरी तिला लागून असलेली एका बिल्डरची मोकळी जमीन. कंपनीला खाण हवी होती. साहेब म्हणाले, तू मराठीत चांगलं बोलतोस, तूच मांड. तो गेला आणि चांगलं बोलला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. व्हिडिओ इंटरनेटवर चढला होता हे त्याला माहीत होतं. पण मेट्रोच्या डेपोवरची दीड तासाची चर्चा तलवाड्यात कोण बघणार, असं तो धरून चालला होता.

शाळेच्या सभागृहात सतरंज्या पडल्या होत्या. एका अंगाला बाया, एका अंगाला बापे. पुढे टेबल, त्यावर फेटा, शाल, नारळ. टेबलाशेजारी डिजिटल वर्गातला भला मोठा टीव्ही आणून ठेवला होता. बबनराव पूर्वी पंचायत समितीवर होते. गावातलं कोणतंही स्टेज त्यांच्याशिवाय पुरं होत नसे. सत्यम त्यांच्या कानाशी वाकला.

"काका, ते व्हिडिओचं राहू द्या. लांबलचक आहे, लोकांना कंटाळा येईल."

"लाजतंय पोरगं," बबनराव माइकवरच बोलले. सगळे हसले. "आरे, पुन्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आन् आमी ऐकू बी नगं व्हय?"

टीव्ही लागला. पडद्यावर सत्यम आला, निळा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. सभागृहात शिट्टी वाजली. पहिली काही मिनिटं तो मार्गाविषयी बोलत होता. रोज किती लोक कामाला शहरात येतात, त्यांचा किती वेळ रस्त्यावर जातो, मेट्रो आली तर आईबापांना पोरं जागी असताना घरी पोचता येईल. सुंदरबाई पदराने डोळे पुसत होत्या. हनुमान शेजारच्याला कोपरखळी मारून सांगत होता, "बग, आमच्याच रोडचं बोलतोय." आत्या स्टेजच्या पायरीशी आरतीचं ताट घेऊन बसली होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, खऱ्या सत्यमकडे बघत होती.

सत्यमने पुन्हा प्रयत्न केला. "बास काका, पुढं नुसते आकडे आहेत."

"आकडे बी ऐकू."

आणि मग ते आलं.

"आता खाणीच्या जागेबद्दल," पडद्यावरचा सत्यम म्हणाला. त्याचा आवाज गुळगुळीत होता, गावात कुणी न ऐकलेला. "तिथे लोकवस्ती आहे, असं सांगितलं जातं. मी त्या भागाची पाहणी केली आहे. ही मंडळी तिथली नाहीत. बरेचसे मराठवाड्यातून आलेले. हंगामात ऊसतोडीला जातात, उरलेले दिवस इथे येऊन टेकतात. त्यांना गावाकडे घर आहे, जमीन आहे. ते विस्थापित होतील असं म्हणणं म्हणजे पाहुणा आपल्या घरी परत गेला म्हणून गळा काढण्यासारखं आहे."

पडद्यावरचे लोक हसले. सभागृहात कुणी हसलं नाही.

चर्चेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "तुम्ही इतकं खात्रीने सांगताय. तुम्ही स्वतः कुठले?"

"मी इथलाच," पडद्यावरचा सत्यम म्हणाला. "पुण्याचा."

शाळेच्या शिक्षकांनी घाईघाईने रिमोट शोधला. तो सापडेपर्यंत पडद्यावरच्या टाळ्या वाजून संपल्या होत्या.

टीव्ही काळा झाला. सत्यमला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. लोक नुसते बसून होते. करिष्माने मान खाली घातली होती, व्हिडिओ तिने आणून दिला म्हणजे चूक तिचीच झाली असावी तशी. गहिनीनाथ पुढच्या रांगेत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत राहिले.

बबनरावांनी माइक ओढला. "त्याचं काय हाय, शहरात आसं बोलावं लागतं. आमी बी राजकारनात बोलतोच की! नोकरीचा भाग हाय. तर आता सत्काराला सुरवात करू."

आणि सत्कार झाला. तेच सगळ्यात वाईट होतं. कुणी तो थांबवला नाही. त्याच्या डोक्यावर फेटा बांधला गेला, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. टाळ्या वाजल्या, लग्नात नावडत्या पाहुण्यासाठी वाजतात तितक्या. मग बबनराव म्हणाले, "आता आत्याबाई औक्षन करतील."

भिवराबाई उठली. पायऱ्या चढून वर आली. तिने त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ताट ओवाळलं. हातात घेतलेलं ओवाळणं अर्धवट टाकायचं नसतं, म्हणून तिने ते पुरं केलं. मग त्याच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "मोठे व्हा."

जन्मापासून ती त्याला तू म्हणत आली होती. मोठा हो रे सत्या, असं ती प्रत्येक भाऊबीजेला म्हणायची. हे 'मोठे व्हा' तलाठ्याला म्हणावं तसं होतं. ताट सुंदरबाईंच्या हातात देऊन ती करिष्माला घेऊन निघून गेली.

घरी पुरणपोळ्या झाल्या होत्या. सुंदरबाईंनी ताट वाढलं, समोर सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. गहिनीनाथ उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते.

"आण्णा, आत या ना," सत्यम म्हणाला.

"म्या हितंच बरा हाय." ते बाहेरूनच बोलले. आवाज चढवला नाही. "तुझी आई आन् म्या ऊसतोडीला पाचटाच्या खोपीत राह्यलो. तिथल्या गावचे लोक इहिरीवर पानी भरू देत नव्हते. म्हनायचे, ह्ये लोक इथले न्हाईत. मला त्याचं कायी वाटलं न्हाई कवा. त्ये आपल्याला वळखत नव्हते, मनून म्हनायचे."

सत्यमने ताट बाजूला सारलं.

"मला साहेबांनी सांगितलं होतं तसं बोलायला," तो आईला म्हणाला.

"आन् पुन्याचाच हाय म्हनून? ते बी साहेबानंच सांगितलतं का?"

ते वाक्य त्याचं स्वतःचं होतं. हॉलमध्ये इतकी माणसं, इस्त्रीचे कपडे, ती बाई चष्म्यावरून बघत होती. आणि त्याला एकदम वाटलं होतं की तलवाडा म्हटलं तर आपल्या अंगाला वस्तीचा वास येईल.

"जा तिच्याकडं," सुंदरबाई म्हणाल्या. "म्या येत न्हाई. मला तोंड ऱ्हायलं न्हाई तिला दावायला."

भिवराबाईच्या गावातल्या घराच्या अंगणात लिंबाखाली खाणीच्या वस्तीतलीच चार माणसं जमली होती. हनुमान होता. उत्तरेश्वर नावाचा गवंडी होता, सत्यमच्या बरोबरीचा, शाळेत त्याच्या मागच्या बाकावर बसलेला. कडूबाई होती, विधवा, अजूनही दर हंगामाला सुनेबरोबर ऊस तोडायला जाणारी. बोलणं चाललं होतं ते त्याला बघून थांबलं.

"या, पुनेकर," उत्तरेश्वर म्हणाला. "खाट टाकू का सतरंजी? तुमी पावने हाव आज."

सत्यम जमिनीवर बसला. आत्या दारात तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि करिष्माला म्हणाली, "त्यांला पानी दे."

पाणी आलं. तो प्यायला. मग हनुमानानेच गाडी पुढे ढकलली. त्याला शांतता सहन होत नसे. "मी ह्यांला हेच सांगत व्हतो, की मेट्रो तर पायजेच."

"कशाला पायजे बे?" उत्तरेश्वर उसळला. "बसनार कोन तिच्यात? खांब आपन बांधायचे, आन् वरून जायचं त्यांनी!"

"म्या बसीन. दोन बशी बदलून साइटवर जातो म्या. घरी येतो तवा जेवायची बी ताकत ऱ्हात न्हाई."

"तुझं घर उचलून तिथं डेपो करनार हायत, आन् तू म्हनतो मेट्रो पायजे?"

"मेट्रो बी पायजे आन् घर बी पायजे. दोनी मागाया बंदी हाय का?"

कडूबाई हसली. उत्तरेश्वर मात्र सत्यमकडे वळला. "तूच सांग. बाजूला त्या बिल्डरचं एवढं रान पडलंय मोकळं. तिथं कावून न्हाई डेपो?"

"ती जागा घेतली तर तो कोर्टात जाईल. काम अडकेल."

"आन् आमी कोर्टात जानार न्हाई, हे तुमाला कुनी सांगितलं?"

लिंबावरून एक पान सत्यमच्या गुडघ्यावर पडलं. त्याला उठून जाता आलं असतं. चुकलं, पुन्हा असं बोलणार नाही, एवढं म्हणून गेला असता तरी लोकांनी त्याला जाऊ दिलं असतं.

तेवढ्यात कडूबाई सहज बोलली, रागात नाही, नशिबाविषयी बोलावं तशी. "कोर्टात जायाला माझ्याकडं हाय काय? डेपोसाटी खोल्या मोजल्या, त्यात माझी तर मोजली बी न्हाई त्यांनी. आमी कारखान्यावर गेलतो, दाराला कुलूप व्हतं. परत येऊन बगते तर दारावर लाल फुली. लोक म्हनले, रिकामी म्हनून धरलीय. आमचंच वाईट, नेमकी तवाच मोजनी निघाली."

"नेमकी नव्हती, मावशे," सत्यम म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"म्याच सांगितलतं." पुण्याची भाषा त्याच्या तोंडातून कधी गळून पडली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "साहेब म्हनले, वस्ती मोठी दिसती, सगळ्यांला घरं द्यावी लागतील. मी म्हनलं, दिवाळीनंतर अर्धे लोक उसाला जातात, कुलपं असतात. तवा मोजा. कमी भरंल. मला माहीत व्हतं, म्या तिथं राह्यलो व्हतो. आन् ते कोर्टात जानार न्हाईत, हे बी म्याच सांगितलं."

हनुमानाने तोंडातली सुपारी थुंकली आणि दुसरीकडे बघायला लागला. उत्तरेश्वर उभा राहिला. त्याच्या मुठी वळल्या होत्या.

"ऊठ बे," तो म्हणाला. "ऊठ हितून. आमच्यात बसून आमचंच शिकून गेलास आन् आमच्यावरच चालवलंस. ऊठ."

सत्यम उठू लागला.

"बसू द्या त्यांला," दारातून भिवराबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "सांगत्यात तर सांगू द्या. पुन्यांदा मोजनी करता येती का, इचारा."

ती थेट त्याला विचारत नव्हती. सत्यमने जमिनीकडे बघत उत्तर दिलं. करता येते. आराखडा अजून पक्का झालेला नाही. हरकती घेता येतात, मग जाहीर सुनावणी होते. मोजणी हंगामात झाली, राहणारे कामावर होते, एवढं दाखवता आलं तरी ती परत घ्यावी लागेल.

"कसं दाखवायचं?" करिष्माने विचारलं. सत्कारानंतर ती पहिल्यांदा बोलत होती, आणि दादा म्हणाली नव्हती.

त्याने सांगितलं. वीजबिलं, पोरांचे शाळेचे दाखले, मतदानाची यादी. कुणाकडे जायचं, कुणाकडे जाऊन उपयोग नाही. करिष्मा मधून मधून प्रश्न विचारत होती. उत्तरेश्वर बसला नाही, पण गेलाही नाही. लिंबाच्या बुंध्याला टेकून ऐकत राहिला.

"आन् सुनावनीत मीच सांगीन," सत्यम शेवटी म्हणाला. "मोजणी तशी का झाली ते."

"आरं मग तुझी नोकरी?" कडूबाईने विचारलं.

"जाईल कदाचित."

"मग तू नगं बोलू बाबा. तुझ्या आईबापानं लई सोसलंय. आमी बोलू. तू निस्तं शिकव आमाला."

तिच्या दारावर लाल फुली त्याच्यामुळे पडली होती, आणि ती त्याच्या नोकरीची काळजी करत होती. सत्यमने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळाने भिवराबाई सुपातले तांदूळ घेऊन आत गेली, आणि तो उठून घरी आला.

सुनावणी पावसाळ्याच्या तोंडावर झाली. करिष्मा बोलली. दवाखान्याच्या खिडकीवर रोज माणसांशी वाद घालून तिचा आवाज पक्का झाला होता. मेट्रो आम्हाला हवी आहे, ती म्हणाली, पण आम्ही नसताना आम्हाला मोजू नका. कंपनीतर्फे उत्तर आलं की मोजणीची वेळ हा निव्वळ योगायोग होता. तेव्हा सत्यम अधिकाऱ्यांच्या रांगेतून उठला. योगायोग नव्हता, मी सुचवलं होतं, मी या वस्तीत राहिलो आहे आणि माझं गाव तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, असं त्याने सांगितलं. ठरवलेलं आणखी बरंच होतं, ते त्याला आठवलं नाही. तो खाली बसला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि वस्तीतल्या लोकांनीही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

नोकरी गेली नाही. त्याला मेट्रोवरून काढून पार्किंगच्या कामाला लावलं. साहेब बोलायचे बंद झाले.

मोजणी श्रावणात पुन्हा झाली. कुलपं निघाली होती, कडूबाईची खोली मोजणीत आली. डेपोवर पुढे बरेच दिवस वाद चालला आणि शेवटी जागा विभागली: थोडी बिल्डरची, थोडी खाणीची. वस्तीची अर्धी बाजू राहिली. कडूबाई त्या बाजूला होती, उत्तरेश्वरही. भिवराबाईची खोली दुसऱ्या, पाडायच्या बाजूला गेली. तिला इमारतीत घर मिळणार होतं, पण ती इमारत उभी व्हायची होती. तोवर हनुमान आणि करिष्मा एका नातेवाइकाकडे राहिले, आणि भिवराबाई गावी परत आली. हे सत्यमला आईकडून फोनवर कळलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी तो तलवाड्याला गेला. गहिनीनाथ आता त्याच्याशी बोलत होते, पण गावात त्याच्याविषयी बोलायचे थांबले होते. गेवराईच्या रेल्वेचं कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला काय म्हायती."

भिवराबाई कापूस वेचत होती. सत्यम बांधावर उभा राहिला. मग त्याने तिच्या पिशवीतलं एक रिकामं फडकं काढलं, कमरेला बांधलं आणि वेचू लागला. लहानपणी त्याला वेचता येत असे, आता हात चालत नव्हता. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली. कापसात पाचोळा यायला लागला.

"पाला येऊ द्यू नका," ती म्हणाली. "भाव पडतो."

"आत्या, मला तू म्हन की."

तिने ओळीतलं झाड संपवलं. पुढच्या झाडाशी गेली.

"तोंडात येत न्हाई आता," ती म्हणाली. "मुद्दाम करत न्हाई म्या. यील तवा यील."

तो मान हलवून वेचत राहिला. ऊन चढलं. ओळीच्या टोकाला ती पाणी प्यायला बसली आणि तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"त्या इमारतीपसनं," तिने विचारलं, "मेट्रोचं टेसन किती लांब पडंल? करिष्माच्या बापाला चालत जाता यील का?"

सत्यम वाकला. बोटाने काळ्या मातीत रेघ ओढली. ही मेट्रोची लाईन. इथे स्टेशन. इथे ओढा, त्याच्यावर अजून पूल नाही. इमारत ही अशी, पलीकडे. तिने ते नीट पाहिलं. जिथे ओढा होता तिथे तिने स्वतःचं बोट ठेवलं आणि वळसा घेऊन स्टेशनापर्यंत आणलं.

"लांबच हाय," ती म्हणाली.

"हो आत्या. लांबच आहे."

ती कंबर धरून उठली, फडकं नीट केलं आणि नव्या ओळीला लागली. सत्यम तिच्या शेजारच्या ओळीला लागला.